८-बिट निंटेन्डोसाठी सुपरहीरोचा गेम बनवताना : आधी चौकोन पळवा, केप शेवटी शिवा

एनईएस म्हणजे ८-बिट निंटेन्डो. त्यासाठी सुपरहीरोचा प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) बनवायला घेतलेल्यांचे अर्धवट गेम मी बरेच पाहिले आहेत. बहुतेकांची गाडी एकाच जागी रुतते. पहिल्या रविवारी हीरोचं झकास चित्र होतं : रुंद खांदे, छातीवर चिन्ह, मागे फडफडणारी केप. दुसऱ्या रविवारी तो चालतो. तिसऱ्या रविवारी दोन गुंड समोर येतात आणि हीरोचं अंग मधूनच गायब व्हायला लागतं. मग सगळं चित्र पुन्हा काढायचं, आणि तिथे उत्साह संपतो.

चूक चित्रात नसते, क्रमात असते. खाली दिलेला क्रम मी स्वतः दोनदा उलटा करून, आपटून, मग सुलटा केलेला आहे. उदाहरणासाठी डोळ्यासमोर सनसॉफ्टचा बॅटमॅन ठेवा, जपानमध्ये १९८९ च्या डिसेंबरात आणि अमेरिकेत १९९० मध्ये आलेला. भिंतीवरून उडी, ठोसा आणि मोजून वापरायची फेकशस्त्रं, या प्रकाराचा सांगाडा त्यात स्वच्छ दिसतो. सांगाडा घ्या, नाव आणि चिन्ह घेऊ नका. हीरो तुमचा स्वतःचाच हवा.

## तयारी

संगणकावर चार गोष्टी लागतील : कोडसाठी सीसी६५ हा कंपायलर, टाइल्स (८ बाय ८ पिक्सेलचे चित्राचे तुकडे) आणि पडदे रंगवायला नेक्स्ट, संगीताला फॅमिट्रॅकर किंवा फॅमिस्टुडिओ, आणि चालवून बघायला मेसेन हा एम्युलेटर, म्हणजे संगणकावर या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम. असेंब्ली (प्रोसेसरच्या थेट सूचनांची भाषा) येत नसेल तर सी ही भाषा चालेल. हळू पडेल, पण पहिल्या गेमला पुरेल.

मेसेनमध्ये सुरुवातीलाच एक सेटिंग बदला. चालू होताना रॅममध्ये शून्यांऐवजी वेडेवाकडे आकडे भरायला सांगा. खऱ्या मशीनवर रॅम कधीच कोरी नसते. शून्यांच्या भरवशावर लिहिलेला गेम एम्युलेटरवर वर्षभर चालतो आणि टीव्हीसमोर पहिल्याच दिवशी तोंडघशी पाडतो.

आणखी एक वस्तू : चौकटीची वही. गंमत नाही, खरंच घ्या.

## टप्पा १ : अंदाजपत्रक

कोडची एक ओळही लिहिण्याआधी मशीन काय देतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पडदा २५६ बाय २४० पिक्सेल. रॅम २ केबी. साध्या कॅसेटमध्ये कोड आणि नकाशे यांना ३२ केबी, चित्रांना ८ केबी. स्प्राइटसाठी (बॅकग्राउंडवरून हलणारे छोटे तुकडे) २५६ टाइल्स, बॅकग्राउंडसाठी २५६. एकूण ६४ स्प्राइट. स्प्राइटसाठी चार पॅलेट (रंगांचे संच), प्रत्येकात तीनच रंग, चौथा पारदर्शक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यापायी तिसरा रविवार वाया जातो : एका आडव्या ओळीत फक्त ८ स्प्राइट. नववा आला की तो त्या ओळीत दिसतच नाही.

आता हिशेब मांडा. एक स्प्राइट ८ पिक्सेल रुंद. हीरोचं अंग १६ पिक्सेल म्हणजे २ स्प्राइट, मागे उडणारी केप १, झाले ३. एक गुंड २. दोन गुंड ४. एकूण ७. हीरोने शस्त्र फेकलं, ८. आता एका गुंडाने गोळी झाडली की नऊ, आणि कुणाच्या तरी अंगातून आठ पिक्सेलची पट्टी गेली.

म्हणून केपची तिसरी पट्टी कायमची ठेवू नका. हीरो उभा असताना केप १६ पिक्सेलच्या आतच गुंडाळलेली दाखवा, फक्त उडीत आणि धावताना बाहेर काढा. उभं राहून मारामारी चालते तेव्हाच गर्दी जास्त असते, आणि नेमकी तेव्हाच एक जागा वाचते. शिवाय थांबल्यावर केप खाली पडते हे डोळ्यालाही पटतं.

टाइल्सचाही जमाखर्च मांडा. २४ बाय ३२ ची एक मुद्रा म्हणजे १२ टाइल्स. धावणं ३, ठोसा २, उभं, बसलेलं, उडी, भिंतीला टेकलेलं आणि मार खाल्लेलं प्रत्येकी १ : दहा मुद्रा, १२० टाइल्स. उरल्या १३६, त्यात सगळे गुंड, शस्त्रं आणि स्फोट. डावीकडे बघणारा हीरो वेगळा काढायचा नाही. मशीन स्प्राइट आडवा उलटवून देतं, फुकट.

तपासा : तुमच्या सगळ्यात गर्दीच्या प्रसंगाची एक आडवी ओळ वहीत मोजली का? आकडा ८ च्या वर जात असेल तर गुंड कमी करा किंवा त्यांना वेगवेगळ्या उंचीवर उभे करा. हा निर्णय आत्ताचा आहे, नंतरचा नाही.

## टप्पा २ : काळा पडदा

पहिला प्रोग्राम काहीच दाखवत नाही, आणि तो बरोबर असणं फार गरजेचं आहे. चालू झाल्यावर क्रम असा : पीपीयू (चित्र काढणारी चिप) बंद, पहिल्या व्हीब्लँकची (दोन चित्रांमधला मोकळा वेळ) वाट, रॅम साफ, दुसऱ्या व्हीब्लँकची वाट, मग पॅलेट, मग पडदा चालू. दोन व्हीब्लँकची वाट वगळणाऱ्यांचा गेम कधी उठतो, कधी उठत नाही.

रॅम साफ करताना स्प्राइटची यादीही शून्य झाली तर चौसष्टच्या चौसष्ट स्प्राइट पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात येऊन बसतात. नको असलेल्या प्रत्येक स्प्राइटची उंची २५५ ठेवा, म्हणजे तो पडद्याखाली जातो.

काळा रंग निवडताना हेक्स (१६ च्या पायाचा आकडा) ०एफ घ्या. ०डी हा आकडाही काळाच दिसतो, पण तो काळ्याहून काळा असतो आणि काही टीव्हींना तो सिंकचा (चित्र जुळवण्याचा) संकेत वाटून चित्र हलतं. एम्युलेटरवर हा फरक कळत नाही.

व्हीब्लँकच्या वेळी चालणाऱ्या कोडमध्ये तीनच कामं ठेवा : स्प्राइटची यादी पीपीयूला देणं, आधीच तयार ठेवलेले बॅकग्राउंडचे बदल लिहिणं, स्क्रोल पुन्हा लावणं. हा वेळ प्रोसेसरच्या जेमतेम २,२७० सायकलचा, त्यातल्या ५१३ तर स्प्राइटची यादी द्यायलाच जातात. उडी, टक्कर, गुंडांची अक्कल हे सगळं बाहेर, मुख्य लूपमध्ये.

सावधान : पडदा रंगत असताना बॅकग्राउंडच्या मेमरीत लिहिलंत तर कचरा दिसेल. आणि बॅकग्राउंडचा पत्ता दिल्यावर स्क्रोल पुन्हा लावला नाही तर पडदा उडी मारेल, कारण पत्ता आणि स्क्रोल आत एकाच जागी राहतात.

## टप्पा ३ : चौकोन आणि जमीन

आता हीरो. म्हणजे १६ बाय ३२ चा एकरंगी चौकोन. हात नाहीत, तोंड नाही. इथे चित्र काढायची खाज येते, ती मारा.

जगाचे ठोकळे १६ बाय १६ चे करा. बॅकग्राउंडचं पॅलेटही १६ बाय १६ च्या तुकड्यालाच लागतं, त्यामुळे ठोकळा आणि रंग यांची गाठ आपोआप बसते. एका पडद्यावर आडवे १६ आणि उभे १५ ठोकळे येतात, म्हणजे २४० बाइट.

कुठल्या बिंदूवर कोणता ठोकळा आहे हे काढायला गुणाकार लागत नाही. वायचे वरचे चार बिट तसेच ठेवा, खालचे पुसा, एक्सला १६ ने भागा, दोन्ही जोडा. एक्स १००, वाय १३५ असेल तर १२८ आणि ६, म्हणजे नकाशातला १३४ वा बाइट. या मशीनच्या ६५०२ जातीच्या प्रोसेसरवर हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. म्हणूनच नकाशा १६ च्या पटीत ठेवायचा, उगाच २० ठोकळ्यांचा पडदा कल्पायचा नाही.

टक्करीचा चौकोन चित्रापेक्षा लहान हवा : १२ रुंद, २८ उंच. केप त्यात कधीच धरायची नाही. केपला गोळी लागून मेलेला खेळाडू कंट्रोलर आपटतो, आणि त्याचं चुकत नाही.

आधी आडवं हलवा, भिंत तपासा, जागेवर आणा. मग उभं हलवा, जमीन तपासा, जागेवर आणा. दोन्ही एकदम हलवून मग तपासणाऱ्यांचा हीरो कोपऱ्यात अडकतो, नाहीतर भिंतीच्या सांध्यावर ठेचकाळतो.

तपासा : चौकोनाचे पाय जमिनीत एक पिक्सेल रुतलेले दिसतात? कोड बरोबरच आहे. हे मशीन स्प्राइट दिलेल्या उंचीपेक्षा एक ओळ खाली काढतं. दाखवताना वायमधून १ वजा करा, टक्करीच्या हिशेबात नाही.

## टप्पा ४ : उडी

गेम आवडणार की नाही हे इथे ठरतं. इथे आठवडा गेला तरी चालेल.

पूर्ण पिक्सेलमध्ये वेग मोजलात तर उडी जिना चढल्यासारखी दिसते. म्हणून प्रत्येक पिक्सेलचे २५६ भाग करा आणि जागा व वेग दोन्ही त्यात ठेवा. उडीचा सुरुवातीचा वेग उणे १०२४, म्हणजे फ्रेमला (पडद्यावरच्या एका चित्राला) ४ पिक्सेल वर. दर फ्रेमला त्यात ४८ मिळवा : उणे १०२४, उणे ९७६, उणे ९२८ असं करत साधारण बाविसाव्या फ्रेमला वेग संपतो आणि हीरो ४४ पिक्सेल वर पोचलेला असतो. दोन ठोकळे आरामात, तीन कधीच नाही. हे वहीत लिहा, कारण पुढचा प्रत्येक नकाशा या वाक्यावर उभा राहणार आहे.

हवेत एकूण सुमारे ४३ फ्रेम. धावण्याचा वेग फ्रेमला दीड पिक्सेल धरला तर आडवं अंतर ६४ पिक्सेल, चार ठोकळे. नेहमीची खाई तीनची ठेवा, चारची फक्त अवघड जागी. पडण्याचा वेग ४ पिक्सेलवर अडवा, नाहीतर उंचावरून येणारा हीरो पातळ फळीच्या आरपार जातो.

बटण लवकर सोडलं तर उडी छोटी व्हायला हवी. वर जाताना बटण सुटलं आणि वेग अजून दीड पिक्सेलच्या वर असला तर तो दीडवर आणा. एवढ्या दोन ओळींनी चौकोन जिवंत वाटायला लागतो.

सावधान : उडी बटण दाबलेलं आहे म्हणून नाही, तर या फ्रेमला नव्याने दाबलं गेलं म्हणून सुरू झाली पाहिजे. मागच्या फ्रेमची बटणं जपून ठेवा आणि फरक बघा. आणि डावी-उजवी एकदम दाबली गेली तर दोन्ही पुसा. कीबोर्डवर ते होतंच, झिजलेल्या कंट्रोलरवरही होतं.

## टप्पा ५ : भिंतीवरून उडी

बॅटमॅनकडून घ्यायची ती हीच चाल. बहुतेक जण ती अशी लिहितात : हीरो भिंतीला लागलेला आहे आणि बटण दाबलं, तर उडव. मग खेळाडू वैतागतो, कारण त्याचा अंगठा आधीच उलट्या दिशेला गेलेला असतो आणि हीरो भिंतीपासून दोन पिक्सेल सुटलेला असतो.

तीन गोष्टी करा.

पहिली, भिंतीचा शेवटचा स्पर्श लक्षात ठेवा आणि त्यानंतर ६ फ्रेमपर्यंत उडी मान्य करा.

दुसरी, उडी लागल्यावर हीरोला भिंतीपासून दूर फ्रेमला २ पिक्सेल ढकला, वर उणे ८९६ चा वेग द्या, आणि ८ फ्रेम दिशेची बटणं ऐकूच नका. हे कुलूप नसेल तर भिंतीकडे बटण दाबून धरलेला खेळाडू पुन्हा त्याच भिंतीला चिकटतो, आणि उडी झालीच नाही असं त्याला वाटतं.

तिसरी, एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा उडी चालणार का ते ठरवा. वरच्या आकड्यांनी त्याच भिंतीवर परत येईपर्यंत हीरो ३४ पिक्सेल वर गेलेला असतो, म्हणजे एकटी भिंतही चढता येते. ते नको असेल तर शेवटची बाजू जपा, आणि दुसऱ्या भिंतीला किंवा जमिनीला हात लागेपर्यंत तीच बाजू नाकारा. मी नाकारतो. नाहीतर नकाशातली प्रत्येक उंच भिंत पायवाट होते.

आता दोन भिंतींमधली चिमणी. चार ठोकळे रुंद असेल तर समोरची भिंत गाठायला ३२ फ्रेम लागतात आणि हीरो १९ पिक्सेल वर असतो : चढता येतं, घाम निघतो. पाच ठोकळे रुंद केलीत तर ४३ फ्रेम, आणि तोवर तो जिथून निघाला त्याच्या खाली येतो. एका ठोकळ्याचा फरक, पण एक रस्ता आहे आणि दुसरा खड्डा. माझ्या पहिल्या गेममध्ये दुसऱ्या पातळीची चिमणी पाचची होती. भाच्याने तासभर प्रयत्न केला आणि विचारलं, "मामा, तू स्वतः कधी चढलायस का हे?" चढलो नव्हतो, तपासताना मी नेहमी चिमणीच्या वरूनच सुरुवात करत होतो.

तपासा : एकरंगी चौकोनाने, कुठलंही चित्र नसताना, दहा मिनिटं नुसतं इकडून तिकडे उडावंसं वाटतं का? वाटत नसेल तर पुढे जाऊ नका. केपने ते सुधारणार नाही.

## टप्पा ६ : ठोसा, शस्त्रं, गुंड

ठोसा दाबल्यावर दुसऱ्या फ्रेमपासून मार चालू, चार फ्रेम टिकेल. लागला की सगळा गेम ४ फ्रेम गोठवा. हीच ती सुपरहीरोची ताकद. चित्रात कितीही स्नायू काढले तरी ती येत नाही.

शस्त्रांचा साठा एकच ठेवा आणि किंमत वेगळी. बॅटमॅनमध्ये बॅटरँगला १, भाला सोडणाऱ्या बंदुकीला २, तिहेरी पात्याला ३ असा खर्च एकाच साठ्यातून जातो, आणि खेळाडू आपोआप विचार करून वापरतो. प्रत्येक शस्त्राला वेगळा साठा ठेवलात तर पडद्यावर तीन आकडे दाखवावे लागतात, आणि ते कुणी बघत नाही.

मार खाल्ल्यावर हीरो ६० फ्रेम अभेद्य, एक फ्रेम दिसेल, एक नाही. मागे ढकलायचं असेल तर ८ पिक्सेल पुरे. त्याहून जास्त म्हणजे प्रत्येक मार खाईत.

यादीत आधी येणारा स्प्राइट टिकतो, नंतरचा कापला जातो. म्हणून हीरो कायम पहिला, बाकीच्यांचा क्रम दर फ्रेमला फिरता ठेवा. मग गर्दीत गुंड लुकलुकतील, पण कुणीच पूर्ण नाहीसा होणार नाही. जीवाची पट्टी मेगा मॅन या गेमसारखी उभी करा. उभी पट्टी एका ओळीत एकच स्प्राइट खाते, आडवी आठ घरांची पट्टी आठही खाते.

## टप्पा ७ : स्क्रोल

आडव्या स्क्रोलसाठी कॅसेटच्या हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) 'व्हर्टिकल मिररिंग' लागतं, म्हणजे मेमरीतले दोन पडदे शेजारी-शेजारी मांडणं. नाव उलटं वाटतं, त्यामुळे निम्मे लोक इथे चुकतात आणि पुढचा पडदा येण्याऐवजी मागचाच परत येतो.

पुढे सरकताना दर ८ पिक्सेलला ३० टाइल्सचा एक उभा रकाना लिहा. पूर्ण पडदा एकदम लिहायचा मोह नको, व्हीब्लँकमध्ये तो मावत नाही. रंगांचा एक बाइट ३२ बाय ३२ पिक्सेलचा असतो, म्हणजे शेजारच्या ठोकळ्यांचेही रंग त्यातच. रंगांची प्रत रॅममध्ये ठेवून फक्त आपले बिट बदला, नाहीतर पडद्याच्या कडेला भिंती रंग बदलताना दिसतील.

हीरोच्या जागेचे तीन बाइट करा : पडदा क्रमांक, पिक्सेल, पिक्सेलचा भाग. पडदा नेमका २५६ रुंद असल्यामुळे हातचा आपोआप पुढे जातो.

नकाशे किती? पाच पातळ्या, प्रत्येकी १२ पडदे, २४० बाइटने १४,४०० बाइट. कोड आणि संगीतासाठी ३२ केबीतलं निम्म्याहून थोडं जास्त उरतं. पहिल्या खेपेला तीन पातळ्या करा आणि झोपा.

## टप्पा ८ : आता केप

आता हीरो काढा. तीन रंग : अंग, उजेड, त्वचा. बॅकग्राउंड काळं ठेवलंत तर पारदर्शक जागाच काळ्या रेषेचं काम करते आणि एक रंग वाचतो. बॅटमॅनचा पोशाख या गेममध्ये जांभळा का, याचं उत्तर काळ्या शहरासमोर काळा हीरो उभा करून बघितलंत की लगेच मिळेल.

केपच्या हालचालीला दोन मुद्रा पुरतात : वर जाताना अंगालगत, खाली येताना फुगलेली. फुगलेल्या केपने पडण्याचा वेग कमी करायची कल्पना सगळ्यांना सुचते. सुचली तर टप्पा ४ ला परत जा, कारण खाईचे सगळे आकडे बदलले.

## टप्पा ९ : आवाज

आवाजाचे चॅनल असे : दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज, आणि सॅम्पलसाठी (मुद्रित आवाजाचे तुकडे) एक. मारामारीचे आवाज दुसऱ्या पल्सवर आणि नॉइजवर काढा आणि मुख्य चाल पहिल्या पल्सवर ठेवा, म्हणजे ठोशाने गाणं तुटत नाही. ट्रँगलला आवाजाची पातळी नसते, तो एकतर चालू नाहीतर बंद. बेस त्यालाच द्या.

## टप्पा १० : खरं मशीन

आपल्याकडे सुट्टीत टीव्हीला लागायचं ते मशीन बहुतेक वेळा जपानी फॅमिकॉमची नक्कल. त्याच्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकी एनईएसच्या कॅसेटला ७२. अ‍ॅडॅप्टर नसेल तर एक दुसऱ्यात बसत नाही. फ्लॅश कॅसेट (जिच्यात आपला गेम भरता येतो) मागवण्याआधी खाचेकडे बघा.

या नकला आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी ५० हर्ट्झवर चालतात. तुमचे आकडे फ्रेममध्ये असल्यामुळे खाई आणि चिमणी तशीच राहते, पण सगळं सहाव्या हिश्श्याने मंद होतं आणि गाणंही रेंगाळतं. मेसेनमध्ये प्रदेश म्हणून 'डेंडी' (अशाच एका नकलेचं नाव) निवडा, जवळपास हेच दिसेल. फ्रेम लांबली म्हणून व्हीब्लँक वाढला असं समजू नका, या नकलांमध्ये तो २० ओळींचाच आहे. बऱ्याच नकलांत पल्सच्या २५ आणि ५० टक्के ड्यूटीची (लहरीतल्या चालू-बंदच्या प्रमाणाची) अदलाबदलही असते, त्यामुळे चाल एकदम वेगळ्याच वाद्यावर वाजल्यासारखी ऐकू येते. गाणं बिघडलं म्हणून रात्रभर शोधत बसू नका.

टीव्ही वरच्या आणि खालच्या काही ओळी कापतो. जीवाची पट्टी वरून १६ पिक्सेल सोडून लावा.

शेवटची तपासणी : मशीन बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा. असं वीस वेळा. विसाच्या वीस वेळा पहिला पडदा आला, तर कॅसेट भाच्याच्या हातात द्या आणि स्वतः कंट्रोलरला हात लावू नका.